ड्युअल बूट करताना या चुका टाळा: निम्म्या तर पेनड्राइव्ह लावायच्या आधीच होतात

ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणं. त्यात 'लिनक्स टाकताना विंडोज उडालं' अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी लिनक्सबद्दल काहीच विचारत नाही. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावायच्या आधी विंडोजमध्ये काय काय केलंस, एवढंच विचारतो. 'काहीच नाही' हे उत्तर ठरलेलं असतं, आणि घोळही तिथंच असतो. उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या अवतारांचे आजचे इन्स्टॉलर बऱ्यापैकी शहाणे आहेत. त्यांच्या हातात डिस्क कुठल्या अवस्थेत येते, ते मात्र आपल्यावर असतं.

'माझ्याकडे बिटलॉकर नाही'

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज होमवर या नावाचं काही दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याचंच धाकटं भावंड सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावानं बसलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर ते बहुधा न विचारताच चालू झालेलं असतं. मग तुम्ही बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (ओळखीची सिस्टिमच सुरू होऊ देणारा पहारा) बंद केलं की कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला संशय येतो, आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. की नसेल आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करूनही विंडोज उघडलं नाही, तर डेटा गेला. इथे कुठलाच जुगाड चालत नाही.

म्हणून सगळ्यात आधी अकाउंटमध्ये जाऊन ती की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइल करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. बॅकअपचंही तेच, तो दुसऱ्या डिस्कवर हवा.

शट डाउन केलं म्हणजे बंद झालं, असं नाही

विंडोज 8पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाउन दाबल्यावर विंडोज स्वतःचा गाभा झोपवून डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे उठताना लवकर उठतं. लिनक्सला मात्र विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) अजून वापरात असल्यासारखं दिसतं. मग ते नुसतं वाचायला उघडतं किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीनं लिहायला गेलात तर फाइली खराब होतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली, हे बंद करता येतं. गंमत अशी की 'रीस्टार्ट' केल्यावर विंडोज खरंखुरं बंद होतं, 'शट डाउन' केल्यावर नाही.

जागा विंडोजलाच करू द्या

सी ड्राइव्ह लहान करायचा तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करा. 200 जीबी मोकळे असताना 'फक्त 18 जीबी कमी करता येतील' असं आलं, तर पेज फाइल, हायबरनेशनची फाइल किंवा रिस्टोअर पॉइंट मध्येच ठाण मांडून बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा पाहा. मोकळी झालेली जागा तशीच 'अनअलोकेटेड' सोडा. तिला नाव, अक्षर, फॉरमॅट काही देऊ नका. उबुंटूला किमान 25 जीबी पुरतात म्हणतात, मी 60च्या खाली जात नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

ही चूक मी स्वतः केलीय. डिस्क दिसेना, कुठंतरी वाचलं की बायोसमध्ये स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'रेड'वरून 'एएचसीआय'वर टाका. टाकलं. डिस्क दिसली, लिनक्स बसलं, मी खूश. विंडोज उघडायला गेलो तर निळा पडदा, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मला वाटलं, सगळं गेलं. प्रत्यक्षात काहीच गेलं नव्हतं. विंडोज सुरू होतानाच नव्या मोडचा ड्रायव्हर उचलत नव्हतं, एवढंच. सेटिंग परत 'रेड'वर नेल्यावर ते निमूट उघडलं.

बरोबर क्रम असा: आधी विंडोजच्या 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये शिरा आणि एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट करा. 'रेड'च्या या मोडला इंटेलच्या लॅपटॉपवर कधी 'आरएसटी' म्हणतात, नव्यांवर 'व्हीएमडी'. आणि रिकव्हरी की लिहिलेला तो कागद इथेही हाताशी असू द्या.

इन्स्टॉल करताना

बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलेलाच निवडा. दुसऱ्यानं गेलात तर लिनक्स जुन्या पद्धतीनं बसतं आणि दोन्ही सिस्टिम एकमेकांना ओळखत नाहीत. 'इरेज डिस्क' म्हणजे अख्खी डिस्क, फक्त तुम्ही मोकळी केलेली जागा नव्हे. आधीपासून असलेलं ईएफआय पार्टिशन, बहुधा 100 एमबीचं आणि फॅट32, तेच वापरा, पण त्याच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण करू नका. विंडोजचा बूटलोडर (त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्राम) तिथंच राहतो.

उबुंटूत एनव्हिडियाचा ड्रायव्हर घेताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला लावतो. पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरची सही मशीनच्या ओळखीची करून घेणं) येतं ते यासाठीच. तो पडदा थोडा वेळच थांबतो. काय आहे हे न कळून लोक 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून दोन दिवस घालवतात.

बसल्यानंतरच्या कुरबुरी

लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जातोय? बायोसमध्ये बूटचा क्रम बदला. ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या मेन्यूच्या, यादीत विंडोज नाही? 2021च्या ग्रब 2.06पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्याच्या 'डिसेबल'च्या ओळीपुढे 'फॉल्स' लिहायचं (नकाराला नकार, म्हणजे चालू) आणि ग्रब अपडेट करायचं. घड्याळ चुकतंय, कारण लिनक्स मशीनची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं आणि विंडोज स्थानिक. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावा.

कधी चूक तुमची नसतेही. ऑगस्ट 2024च्या एका विंडोज अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणत सुरूच होईना. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून आत शिरावं लागतं, आणि ते बंद केलं की विंडोज पुन्हा रिकव्हरी की मागू शकतं.

लिनक्स काढून टाकायचं ठरवलंत, तर विंडोजमधून थेट पार्टिशन पुसू नका. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' लुकलुकत बसेल. आधी बायोसच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर घ्या, एकदा सुरू करून पाहा, आणि मग पुसा.