ब्रश, फेस आणि एकच पाते: रोजची दाढी निवांतपणे कशी करावी

दाढी हे बहुतेकांसाठी उरकून टाकायचे काम असते. डब्यातला फेस तोंडाला फासायचा, तीन-चार पात्यांचा रेझर दाबून फिरवायचा आणि मानेवर लाल चट्टे घेऊन घराबाहेर पडायचे. मीही अनेक वर्षे हेच केले. मानेची आग होणारच, असे मी धरूनच चाललो होतो. साबण, ब्रश आणि एका पात्याचा रेझर वापरायला लागल्यावर दोनेक महिन्यांत ती आग थांबली. शिवाय सकाळची ती पंधरा मिनिटे मला हवीहवीशी वाटू लागली, आणि माझ्या दृष्टीने हेच जास्त मोलाचे. या पद्धतीत अवघड काही नाही. मात्र यात पाणी आणि फेस यांना रेझरपेक्षा जास्त महत्त्व आहे, हे आधी पटवून घ्यावे लागते.

काय काय लागेल

दुहेरी धारेच्या पात्याचा एक सेफ्टी रेझर, थोडी पाती, ब्रश, दाढीचा साबण किंवा क्रीम आणि तुरटीचा खडा. एवढे पुरते.

रेझर धातूचा आणि साधा घ्या. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत १९०४ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात मूळ कल्पना अशी होती की पाते पातळ, स्वस्त आणि बदलता येण्याजोगे असावे. आजचे रेझर त्याच घराण्यातले. पात्याची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर असते. त्याला बाक देऊन घट्ट धरून ठेवणे, हे रेझरच्या डोक्याचे खरे काम. काही रेझरच्या डोक्याला कंगव्यासारखे दाते असतात, काहींना सरळ पट्टी असते. नवशिक्याने पट्टीचा घ्यावा, तो हाताला जास्त सांभाळून घेतो.

पात्यांच्या बाबतीत ‘सर्वांत धारदार ते सर्वांत चांगले’ असे समजू नका. तेच पाते एका रेझरमध्ये मऊ चालते आणि दुसऱ्यात टोचते. तीन-चार प्रकारांची लहान पाकिटे आणा आणि प्रत्येकाला आठवडाभर संधी द्या. या काळात रेझर आणि साबण मात्र बदलू नका. नव्या उत्साहात माणूस सगळेच एकदम बदलतो आणि मग कशाने बिघडले, कशाने सुधारले ते कळेनासे होते.

ब्रश कृत्रिम केसांचा घेतलात तर सुरुवात सोपी जाते. तो भिजवत ठेवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाच मिनिटे पाण्यात ठेवावा लागतो. पहिले काही आठवडे त्याला थोडा वासही येतो, पण वापरून वापरून केसांची टोके फाटतात आणि तो सुरेख मऊ होतो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो. मला स्वतःला डुकराच्या केसांचाच आवडतो, कारण त्याचा ताठरपणा गालाला जाणवतो.

आधी केसांची दिशा वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मानेवरचा निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो. एक-दोन दिवसांचे खुंट वाढू द्या. मग बोट वरून खाली, खालून वर आणि दोन्ही बाजूंनी आडवे फिरवून पाहा. बोट गुळगुळीत सरकते ती केसांची सुलट दिशा, खरखरीत लागते ती उलट. गालावर केस बहुधा खालच्या दिशेने वाढतात. मानेवर मात्र कुठे वर, कुठे तिरके, तर कुठे चक्क भोवऱ्यासारखे असतात. डाव्या आणि उजव्या बाजूचा नकाशाही सारखा असेलच असे नाही. कागदावर चेहऱ्याची आकृती काढून बाण करून ठेवा. मी केले होते, आणि गळ्याच्या डाव्या बाजूला मी इतकी वर्षे पहिल्याच फेरीत उलटा हात चालवत होतो हे तेव्हा समजले.

पाणी

कोरडा केस चिवट असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. पाणी शोषले की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला खूपच कमी जोर लागतो. याला दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून दाढी अंघोळीनंतर लगेच करणे उत्तम. ते जमत नसेल तर चेहरा धुऊन कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन मिनिटे दाबून धरा. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने त्वचेचे तेल निघून जाते आणि ती आधीच दुखावते. चेहरा पुसू नका, ओलाच ठेवा.

फेस

इथे घाई करू नका. डब्यातून दाबून काढलेल्या फेसात हवा जास्त असते. ब्रशने केलेल्या फेसात पाणी धरून ठेवलेले असते आणि पात्याला ते पाणीच हवे असते.

ब्रश ओला करा आणि एकदा हलकेच झटका. थेंब गळत नसावेत, पण ब्रश चिंबच असावा. साबणाच्या वडीवर तो वीस-तीस सेकंद गोल फिरवा. सुरुवातीला मोठे बुडबुडे दिसतील, मग दाट लगदा ब्रशच्या टोकांवर चढू लागेल. तो चढेपर्यंत थांबायचे नाही. बहुतेकांचा फेस फसतो तो साबण कमी घेतल्यामुळे. क्रीम वापरत असाल तर करंगळीच्या नखाएवढी पुरते.

आता ब्रश थेट चेहऱ्यावर किंवा रुंद वाटीत फिरवत राहा आणि बोटाने थेंब थेंब पाणी घाला. प्रत्येक थेंबाबरोबर फेस बदलतो: आधी घट्ट आणि निस्तेज, मग सैल, मग चकचकीत. चकाकी आली, एकही बुडबुडा डोळ्याला दिसेनासा झाला आणि ब्रश उचलल्यावर फेसाचे टोक हळूच वाकले की थांबा. चिमटीत थोडा फेस घेऊन बोटे एकमेकांवर घासून पाहा. ती निसटायला हवीत. अडकली तर पाणी कमी आहे. फेस ओघळायला लागला तर पाणी जास्त झाले, थोडा साबण घ्या.

दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल (चरबीत आढळणारे एक मेदाम्ल) भरपूर असते आणि तो बहुधा पोटॅशियमच्या क्षारापासून केलेला असतो, म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि टिकतो. अंघोळीच्या साबणाचा फेस पटकन बसतो, त्यावर दाढी करू नका. एवढे करूनही फेस विरत असेल तर पाणी जड असण्याची शक्यता आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चोथा तयार करतात. एकदा डिस्टिल्ड पाण्याने फेस करून पाहा. फरक पडला तर दोष तुमच्या हाताचा नव्हता.

चेहऱ्यावर ब्रश गोल फिरवा, शेवटी रंगवल्यासारखे सरळ हात द्या. हनुवटी आणि ओठांवरचे केस सर्वांत राठ, म्हणून फेस तिथे आधी लावा आणि पाते तिथे शेवटी न्या. तोवर केस भिजत राहतात.

कोन आणि भार

पाते बसवताना ते आखूड कडांनी धरा, लांब धारेला बोट लावू नका. दोन्ही बाजूंना पाते सारखे डोकावते आहे ना, हे एकदा पाहून घ्या.

रेझरचे डोके गालावर आडवे टेकवा. दांडी गालापासून काटकोनात बाहेर आलेली असेल आणि पाते त्वचेला लागणार नाही. आता दांडी हळूहळू खाली आणा. धार केसांना जेमतेम भिडली की तो तुमचा कोन. पात्याचा आणि त्वचेचा कोन साधारण ३० अंशांचा भरतो, पण अंश मोजत बसू नका. कान द्या. नळ बंद ठेवला तर केस कापले जाताना बारीक चर्रचर्र ऐकू येते. आवाज थांबला की कोन सुटला किंवा केस संपले.

दाब अजिबात द्यायचा नाही. अनेक पात्यांचा रेझर दाबून चालवायची हाताला सवय झालेली असते आणि ती सुटायला सर्वांत जास्त वेळ लागतो. धातूच्या रेझरचे स्वतःचे वजन बहुधा ७० ते १०० ग्रॅम असते, तेवढे पुरेसे आहे. दांडी खालच्या टोकाला बोटांच्या चिमटीत धरा म्हणजे दाबताच येणार नाही. हात दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड ठेवा आणि पाते धारेच्या दिशेने आडवे कधीही सरकवू नका. तसे सरकले की चिरलेच.

दुसऱ्या हाताने त्वचा ताणून सपाट करा. जबड्याच्या कडेवर त्वचा गालाकडे ओढून घ्या म्हणजे ती हाडावरून सपाट भागावर येते. कंठमण्यावर दाढी करताना आवंढा गिळून धरा किंवा त्वचा बाजूला ओढून तिथे हात चालवा. नाकाखाली वरचा ओठ दातांवर ताणा आणि नाकाचा शेंडा बोटाने किंचित वर करा.

फेऱ्या

एकाच फेरीत सगळे केस काढायचे नाहीत. पहिल्या फेरीत खुंट आखूड होतात, दुसरीत आणखी. पहिली फेरी सुलट, दुसरी आडवी, तिसरी उलट. प्रत्येक फेरीआधी चेहरा ओला करून नवा फेस लावायचा. फेस गेलेल्या जागी ‘एवढा एक केस राहिला’ म्हणून पुन्हा पाते फिरवू नका. आग तिथेच होते.

पहिला महिना सुलट आणि आडवी या दोनच फेऱ्या करा. उलटा हात मानेवर तर अजिबात नको. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर वाढते. तिसऱ्या फेरीने मिळालेला तुकतुकीतपणा संध्याकाळपर्यंत जातोच, त्यामुळे रोजच्या दाढीला दोन फेऱ्या पुरतात असे माझे स्पष्ट मत आहे. केस कुरळे असतील तर उलट फेरी कायमची सोडून द्या. फार खोलवर कापलेला कुरळा केस वाढताना त्वचेतच वळतो आणि पुटकुळ्या येतात.

पुळ्या असतील तिथे पाते वळसा घालून न्या. पुरळ पिकत असेल तर दाढी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दाढी झाल्यावर

चेहरा गार पाण्याने धुवा आणि ओला तुरटीचा खडा सगळीकडे हलकेच फिरवा. तुरटी त्वचा आकसून घेते आणि बारीक चिरांमधले रक्त थांबवते. शिवाय ती उत्तम परीक्षक आहे. जिथे झोंबते तिथे तुम्ही दाब दिला होता. मी अजूनही रोज ही खूण लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी हात हलका करतो. मिनिटभराने धुऊन टाका, टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. त्वचा कोरडी असेल तर मद्यार्काचा आफ्टरशेव्ह टाळून साधे मलम लावा. पाते आणि तुरटी दोन्ही ज्याची त्याची वेगळी हवी. रक्तावाटे कावीळ ‘ब’ आणि ‘क’ पसरू शकतात.

पाते कधी बदलायचे, ब्रश कसा ठेवायचा

केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असतो, तरी पाते बोथट होते. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा धार झिजण्याबरोबरच तिचे बारीक टवके उडताना दिसले. पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते, तिथे वाकलेला केस धारेचा टवका काढतो. म्हणून पाते टॉवेलने पुसून टिकेल अशी आशा करू नका. चार-पाच दाढ्यांनंतर, किंवा केस कापण्याऐवजी ओढल्यासारखे वाटले की त्याच दिवशी ते बदला. वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. झाकणाला फट पाडलेला एखादा पत्र्याचा डबा त्यासाठी ठेवा. पाती इतकी पातळ असतात की तो भरायला वर्षे जातात.

ब्रश भरपूर पाण्यात धुवा, मुठीत हलके दाबून पाणी काढा, पिळू नका. मग उघड्या हवेत वाळू द्या. बंद कपाटात ओला ठेवलेला ब्रश कुजतो.

विमानाने जाताना हातातल्या सामानात सुटी पाती नेऊ देत नाहीत. ब्रश, साबण आणि पाते काढलेला रेझर बरोबर घ्या आणि पाती पोहोचल्यावर विकत घ्या.