एरोबिक व्यायाम करताना या चुका टाळा

रोज सकाळी नेमाने चालूनही फरक पडत नाही, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत खरी अडचण ही असते की, आपला व्यायाम किती जोराचा होतो आहे हे ते कधी मोजतच नाहीत. वास्तविक एरोबिक, म्हणजे श्वास आणि नाडी वाढवत काही वेळ सलग करायच्या व्यायामाचा पायाच मोजमापाचा आहे. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांना अंतर आणि वेळेनुसार गुण ठरवून दिले आणि आठवड्याला ३० गुण मिळवावेत, असे सांगितले. संगीताच्या तालावर चालणारे वर्ग त्यानंतरचे.

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी गप्पा मारत, मोबाइल पाहत घातलेली फेरी मनाला बरी वाटते. मात्र श्वास वाढला नाही तर हृदयाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग मध्यम समजावा. नाडीनेही हे तपासता येते: २२० मधून वय वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे पन्नाशीच्या माणसाला मिनिटाला साधारण १०९ ते १२९ ठोके. थांबल्याबरोबर मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी सुरू असल्यास नाडी मुळातच कमी राहते, त्यामुळे अशांनी बोलण्याचीच कसोटी धरावी.

याच्या उलट चूक तरुणांची. बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावण्याची कूपर चाचणी ही क्षमता मोजण्यासाठी आहे. पार्क मैदानावर पहिल्याच दिवशी ती देऊन पोटऱ्या धरून बसणे म्हणजे सराव नव्हे. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले किमान प्रमाण गाठायला काही आठवडे लागले तरी बिघडत नाही.

“आम्ही यंत्रमागावर दिवसभर उभेच असतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?” हा प्रश्न सोलापुरात हमखास ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवर केलेल्या अभ्यासात, दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. तिथे श्रमामुळे दम लागत होता. मागापाशी उभे राहून पाय दुखतात, दम लागतोच असे नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा शरीर थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते आणि नेहमीच्याच वेगाला नाडी जास्त धावते. अशा वेळी सूर्योदयापूर्वी बाहेर पडावे, वेग कमी करावा आणि पाणी सोबत ठेवावे.

धावणे संपताच कट्ट्यावर बसकण मारू नये. पायांत साचलेले रक्त पटकन वर येत नाही आणि भोवळ येते, म्हणून पाच मिनिटे सावकाश चालावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम टाळावा, खिशात साखर ठेवावी आणि डोसबाबत डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

वजनकाट्यावरून निराश होणे ही आणखी एक चूक. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यास सुमारे दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि घरी परतताना घेतलेली भज्यांची प्लेट त्या सहज भरून काढते. वजन हलले नाही तरी रक्तदाब उतरतो, इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, प्रत्येक ठोक्याला हृदय अधिक रक्त ढकलू लागते आणि विश्रांतीची नाडी हळूहळू कमी होते. ती सकाळी उठल्यावर मोजून वहीत लिहावी.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम असे काही जाणवल्यास मात्र फेरी तिथेच थांबवावी, आणि पित्त समजून सोडा पीत न बसता थेट रुग्णालय गाठावे.