लाइम डिसीज लवकर ओळखायला शिकवताय? मग या चुका टाळा

लाइम म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार, आणि त्वचेवरचा चट्टा ही त्याची पहिली खूण. तो शिकवताना सगळ्यात जास्त नुकसान करते ती एकच स्लाइड. गोरी त्वचा, मधे लाल ठिपका, भोवती फिकट, मग परत लाल कडं. शिकणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच बसतं, आणि मग कडं नाही म्हणजे लाइम नाही! अहो, कितीतरी पेशंटचा चट्टा सरसकट लालच असतो आणि सावळ्या त्वचेवर तर मुका मार लागल्यासारखा जांभळट दिसतो. बघायचं ते त्याचं वाढणं. गोचीड चावल्यावर 3 ते 30 दिवसांत उठतो, 5 सेंटिमीटरच्या पुढे पसरत जातो, आणि खाज किंवा दुखणं सहसा नसतं. दोन दिवसांच्या आत उठलेला छोटा, खाजरा डाग बहुतेक वेळा नुसती चावल्याची रिॲक्शन असते. मी कडं नसलेले आणि सावळ्या त्वचेवरचे फोटो आधी दाखवते, तो फेमस फोटो सगळ्यात शेवटी. आणि शंका वाटली की चट्ट्याच्या कडेने पेनाने रेघ मारायची, एक-दोन दिवसांनी परत बघायचं.

दुसरी चूक, टेस्टवर आंधळा विश्वास. एका पेशंटच्या गुडघ्यामागे तळहाताएवढा लाल चट्टा होता, सेल्युलायटिस (त्वचेचं साधं इन्फेक्शन) समजून सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं (लाइमवर ते चालतच नाही), चट्टा वाढला, मग अँटिबॉडी टेस्ट (जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी रक्ततपासणी) केली, निगेटिव्ह आली आणि फाइलवर ठळक लिहिलं, ‘लाइम नाही’. काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर पुढच्या डॉक्टरने ती फाइल वाचून बेल्स पाल्सी (कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा) म्हणून सोडून दिलं. कोणीतरी टेस्ट परत केली तेव्हा पॉझिटिव्ह! पहिल्या आठवड्यांत अँटिबॉडीज बऱ्याचदा तयारच झालेल्या नसतात हो, टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. गोचिडींच्या भागात राहिलेला किंवा फिरून आलेला माणूस आणि असा चट्टा, एवढं पुरे, डॉक्सीसायक्लिन हे लाइमवरचं अँटिबायोटिक सुरू करा. माझ्या सेशनमध्ये निर्णय तोंडाने सांगितल्याशिवाय लॅबचा फॉर्म हातात मिळत नाही. घाई असलेले चिडतात, चिडू देत.

‘गोचीड चावली होती का?’ विचारून थांबू नका, तिचं पिल्लू खसखशीएवढं असतं, अनेकांना कळतही नाही. गवतात, झाडीत गेला होतात का ते विचारा.

कपडे न काढता तपासणी नको. काख, जांघ, गुडघ्यामागे, केसांत बघा.

चक्कर, धडधड असेल तर ईसीजी काढाच, हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं) असू शकतो.

लक्षणं सुरू होऊन महिना उलटल्यावर एकट्या पॉझिटिव्ह आयजीएमवर (सुरुवातीला तयार होणारी अँटिबॉडी) थकलेल्या माणसाला लाइमचा शिक्का मारू नका.

आणि दिसेल त्या चावलेल्याला डॉक्सीचा एक डोस, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. लाइम पसरवणारी गोचिडीची जात, भरपूर लाइम असलेला भाग, 36 तास तरी चिकटलेली आणि काढून 72 तास झाले नाहीत, हे सगळं जुळलं तरच. तो डोस दिला तरी पुढचा महिनाभर त्वचेवर लक्ष ठेवायला पेशंटला नीट सांगूनच पाठवा.