वडीलधाऱ्यांच्या बैठकीला बसण्याआधी

आमच्या माहीमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी पुढच्या महिन्यात सोमालियात कामाला निघाली आहे. रविवारी वही घेऊन आली. "मावशी, ट्रेनिंग झालं, पण टोळीच्या म्हाताऱ्यांशी बोलायचं कसं ते काही कळलं नाही. तेवढं सांग ना." दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला, तरी सांगणे संपले नाही. तिच्यासारखे आणखी कोणी निघाले असेल, म्हणून तेच इथे लिहिते आहे.

मी २०१३ ते २०१९ दक्षिण सोमालियातल्या बैदोआ शहरात आणि आसपासच्या गावांत होते. काम एकच होते: वडीलधाऱ्यांना हाताशी धरून पोरांना अल-शबाब या सरकारविरोधी सशस्त्र जिहादी संघटनेकडे जाऊ न देणे, आणि गेलेल्यांना परत यायला वाट करून देणे.

पहिली गोष्ट म्हणजे 'टोळी' हा शब्द माहीमलाच ठेवून जा. मराठीत टोळी म्हटले की दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात, आणि मनात शब्द असला की तो वागण्यात उतरतो. तिथे आहे ती भावकी. आपल्या भावकीपेक्षा कितीतरी घट्ट, कारण तिच्यावर माणसाचा जीव तोललेला असतो. एकाच्या हातून खून झाला तर त्याची भरपाई त्याच्या सगळ्या भावकीने मिळून द्यायची. तिला 'मग' म्हणतात, अरबीत 'दिया'. जुना हिशोब पुरुषासाठी शंभर उंट, बाईसाठी पन्नास. आज उंटांऐवजी पैसे ठरतात, पण बोलणे उंटांतच होते. हा सगळा रिवाजी कायदा म्हणजे 'हेर', आणि तो चालवणारे ते वडीलधारे. बैदोआकडे कुळाच्या प्रमुखाला मलाक म्हणतात. मलाक हुकूम सोडत नाही. तो लोकांना एका मतावर आणतो, आणि लोक ऐकेनासे झाले तर त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून "तुमच्या पोरांना आवरा" असे त्याला सांगणे फुकट आहे. आवरायला त्याच्याकडे पोलीस नाहीत, आहे तो फक्त शब्द.

आता खरा मलाक कोणता, हे ओळखायचे कसे? हे मी मुंबईत शिकले. जानेवारी १९९३ मध्ये मी चोवीस वर्षांची होते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकाने जळताना पाहिली. पुढच्या वर्षी मोहल्ला कमिटीच्या कामात गेले. तेव्हा आमच्यापुढे भिवंडीचे उदाहरण होते. १९७० आणि १९८४ साली पेटलेली भिवंडी डिसेंबर १९९२ मध्ये शांत राहिली, कारण पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कमिट्या बांधल्या होत्या. जुन्या शांतता समित्यांत नेहमीचे पुढारी असायचे. खोपड्यांच्या कमिट्यांत त्या त्या गल्लीतली साधी माणसे होती, दोन्ही धर्मांची. मला तिथून एक गोष्ट कायमची कळली: चौकीत सर्वांत आधी येऊन खुर्ची धरणाऱ्या माणसाला गल्ली विचारत नाही. ज्याच्या ओट्यावर लोक भांडण घेऊन जातात, तो माणूस वेगळा असतो, आणि तो बोलावल्याशिवाय येत नाही.

बैदोआतही तेच. बाहेरच्या संस्था आल्या की हॉटेलात बैठका होतात, प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, आणि त्या भत्त्यावर जगणारे वडीलधारेही तयार होतात. त्यांचा राग करू नका, गरिबी आहे. पण त्यांच्या शब्दावर काम उभे करू नका. पहिले दोन महिने कोणालाही बैठकीला बोलवू नका. विहिरीवर, गुरांच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत एकच प्रश्न विचारत राहा: मागच्या वेळी तुमचा तंटा कोणी मिटवला? तीन ठिकाणी एकच नाव आले की त्या माणसाकडे जा. कूळ कोणते, हे मात्र कोणाला तोंडावर विचारू नका. तिथल्या सहकाऱ्याकडून एकांतात समजून घ्या. आणि त्या सहकाऱ्याचे स्वतःचे कूळ कोणते, तेही लक्षात ठेवा, कारण दुभाषा ज्या कुळाचा, त्या कुळाचे तुम्ही, असे गाव धरून चालते.

पहिल्या भेटीला काय बोलायचे? अल-शबाबचे नाव नाही. 'अतिरेकी' हा शब्द नाही. पाऊस, ज्वारी, उंट, कोणाकडे बाळ झाले. ज्वारीवर मी तासभर बोलू शकायची, माझे आजोळ सोलापूरकडचे. त्याचा मला फार उपयोग झाला. एका गावात बाभळीखाली चटया टाकल्या होत्या. मलाकांच्या सुनेने लाकडी वाडग्यात 'बुन' आणला: तेलात तळलेली कॉफीची अख्खी फळे. फळे चघळायची, आणि बोटांना लागलेले तेल हातांवर, चेहऱ्यावर चोळायचे. मी आधी रुमाल काढला. मलाक माझ्या हातांकडे बघत राहिले. मग मी रुमाल ठेवून दिला आणि कोपरापर्यंत तेल चोळले, लहानपणी दिवाळीच्या पहाटे आजी लावायची तसे. बसलेल्या बारा जणांचे खांदे सैल झाले. त्या दिवशी एवढेच झाले, आणि मी ती भेट सर्वांत चांगल्या भेटींत धरते.

तिथे एक म्हण सारखी कानावर येते: 'नबद इयो आनो, ओल इयो अबार.' शांतता आणि दूध, लढाई आणि दुष्काळ. २०११ च्या दुष्काळात सोमालियात अडीच लाखांहून जास्त माणसे गेली, त्यांत निम्मी पाच वर्षांखालची मुले. बैदोआचा मुलूख त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर होता. ही म्हण कोणी म्हणाले की वहीतून मान वर काढा आणि थांबा. त्या माणसाने कोणाला पुरले आहे, ते तो पुढच्या वाक्यात सांगतो किंवा कधीच सांगत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पोरे जातात का? धर्मासाठी जाणारी मला थोडी भेटली. काही पगारासाठी गेली, काहींना उचलून नेले. २०१७ च्या सप्टेंबरापासून अल-शबाबने त्या भागातल्या गावांना हुकूमच सोडला होता की मुले आमच्या स्वाधीन करा. आठ-नऊ वर्षांचीसुद्धा. हुकूम पोचवला गेला तो याच वडीलधाऱ्यांकडे. म्हणजे आपण ज्याच्याकडे "पोरे थांबवा" म्हणायला जातो, त्याच्या दारात आदल्या रात्री "पोरे द्या" म्हणणारे येऊन गेलेले असतात. हे डोक्यात ठेवल्याशिवाय तोंड उघडू नका.

आणि पुष्कळ पोरे गेली ती न मिटलेल्या तंट्यापायी. जमीन बळकावली, भाऊ मारला गेला, सरकारी कोर्टात पैसे चारावे लागतात. अल-शबाबचे कोर्ट झटपट निकाल देते आणि अमलात आणते. लोक भीतीने जातात तसे निकालासाठीही जातात. म्हणून माझा अनुभव असा की वडीलधाऱ्यांकडे पहिली मागणी पोरांबद्दल करू नये. त्यांना विचारावे, "कोणता तंटा तुम्हाला सर्वांत जास्त टोचतो?" तो मिटवायला मदत करा. मदत म्हणजे दोन्ही कुळांना सुरक्षित जागा, जायला-यायला गाडी, तीन दिवसांचे जेवण, आणि निकालाच्या लेखी प्रती. निकाल त्यांचा. आम्ही एका विहिरीचा तंटा असा सोडवला. त्यात चार खून अडकले होते, उंटांचा हिशोब सात महिने चालला. तो मिटल्यावर तीन घरांतले निरोप आपोआप बाहेर गेले, की आता परत ये, सूड घ्यायचा राहिला नाही. आम्ही एक भाषण केले नव्हते.

या बैठकीला 'शिर' म्हणतात. तिथे मतदान होत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलत राहायचे, एकेकाचे बोलणे अर्धा तास, मध्ये कविताही. मध्येच तोडू नका, घड्याळ बघू नका. पण अंधाराआधी गाडी शहरात परतली पाहिजे, हा नियमही मोडू नका. मार्ग एकच, बैठक अर्धी सोडून उद्या परत यायचे, आणि न चुकता यायचे.

बायका शिरमध्ये बसत नाहीत. मी परदेशी म्हणून मला बसू दिले. पण कोणाचा मुलगा कधी गेला, कोणत्या नंबरवरून फोन करतो, हे बायकांना ठाऊक असते. एका कुळात जन्मलेली आणि दुसऱ्या कुळात दिलेली बाई दोन्हीकडे निर्धास्त जाऊ-येऊ शकते, जुन्या काळापासून लढाईतले निरोप अशाच बायकांनी नेले आहेत. बैठक संपली की चुलीपाशी जा. नावे मात्र लिहून घेऊ नका, डोक्यात ठेवा.

यापुढचे मी त्या मुलीला दोनदा सांगितले. वडीलधाऱ्यांसोबत फोटो काढायचा नाही. त्यांचे नाव अहवालात घालायचे नाही. २००६ साली इराकच्या अन्बारमध्ये शेख अब्दुल सत्तार अबू रीशा यांनी कुळे एकत्र करून अल-कायदाला हुसकायला सुरुवात केली. सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश तिथे येऊन त्यांना भेटले, फोटो जगभर झाले. दहा दिवसांनी शेख बॉम्बस्फोटात मारले गेले. सोमालियात २०१२ साली नवी संसद निवडायला १३५ वडीलधारे बसले, पुढे अल-शबाबने अशा कामात उतरलेल्यांना टिपून मारले. वरिष्ठ कार्यालयाला फोटो हवा असतो, मला ठाऊक आहे. रिकाम्या चटईचा पाठवा. माझ्याबरोबर काम केलेले एक मलाक संध्याकाळच्या नमाजानंतर घराबाहेर गोळ्या घालून मारले गेले. कशामुळे, हे मला कोणी सांगितले नाही. त्याच्या तीन आठवडे आधी त्यांचे नाव एका पत्रकात छापले गेले होते. मी त्या पत्रकाला हरकत घेतली होती, पण उशिरा आणि पुरेशा जोराने नाही.

शब्द देताना फक्त तुमच्या हातातला द्या. परत येणाऱ्या पोरासाठी मलाक जामीन राहतो, सरकारकडे आणि गावाकडेही. बैदोआत अशा पोरांसाठी केंद्र आहे, तिथे काही महिने राहून, काम शिकून ती घरी जातात. पण पकडणारे एक, केंद्र चालवणारे दुसरे आणि माफी देणारे तिसरे. तिघांकडून होकार मिळाल्याशिवाय "त्याला काही होणार नाही" असे बोलू नका. मुख्तार रोबो हा अल-शबाबचा मोठा नेता, बैदोआच्याच मुलखातला, ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारकडे आला. पुढच्या वर्षी निवडणुकीला उभा राहिला, तर डिसेंबर २०१८ मध्ये बैदोआतच त्याला अटक झाली. २०२२ साली तोच मंत्री झाला. अटकेनंतरच्या आठवड्यात बैदोआच्या रस्त्यांवर माणसे मेली, आणि ज्या तीन पोरांचे येणे ठरले होते त्यांतले एकही आले नाही. मलाक एवढेच म्हणाले, "मोठ्याला पकडलं, मग लहानाला कोण सोडेल?" मला उत्तर देता आले नाही.

एक वही ठेवा. डाव्या पानावर तुम्ही दिलेला शब्द, उजव्या पानावर तो कधी पुरा झाला. नोकरी सोडताना ती वही आणि तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन मलाकांकडे जा आणि त्यांच्यासमोर वाचा. माझ्या वहीत एक उजवे पान कोरे आहे. एका मलाकांचा नातू, तेरा वर्षांचा, २०१७ मध्ये नेला गेला. शोधून सांगते, असे मी म्हटले होते. ते दर ईदला माहीमला फोन करतात. सोमाली माणसाच्या नावात आडनाव नसते, आधी त्याचे, मग बापाचे, मग आजोबांचे. ती तिन्ही नावे, आणि आजोबांनी एकदा मला ऐकवलेल्या वरच्या सात पिढ्या, मी रविवारी त्या मुलीकडून पाठ करून घेतल्या. पाचव्या नावाला ती दोनदा अडली. गुरुवारी पुन्हा येणार आहे.