स्पीकरची वायर बदलताय? सगळं लक्ष टोकांवर द्या

वायर बदलायची म्हटलं की लोक आधी ब्रँड विचारतात. ब्रँड सोडा, जाडी बघा. अॅम्पपासून (अॅम्प्लिफायरपासून) स्पीकर 5 मीटरच्या आत असेल तर दीड एमएम (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर) भरपूर झाली, सोप्यात अॅम्प आणि आतल्या खोलीत स्पीकर असं 10 मीटरचं अंतर असेल तर अडीच एमएम घ्या. 8 ओमच्या स्पीकरला वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स 0.4 ओमच्या आत राहिला की काम झालं, आणि दीड एमएमची 5 मीटर वायर जेमतेम 0.13 ओमच्या आसपास भरते. मग मीटरला हजारो रुपये कशाला घालायचे, त्या पैशात स्पीकर चांगले येतात.

फक्त तांबं खरं हवं. दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली की अॅल्युमिनियमवर मुलामा आहे, परत द्या.

अॅम्पचा प्लग भिंतीतनं काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. माप घ्या, हातभर जास्त ठेवून कापा.

आता सोलणं. इथंच लोक घाई करतात आणि मीही केली होती. दातानं कव्हर ओढलं, चार-पाच तारा तुटल्या, एक केसाएवढी तार लाल स्क्रूखालनं निसटून काळ्याला टेकली ते दिसलंच नाही, अॅम्प चालू केला, आवाज वाढवला आणि उजवा चॅनल कायमचा गेला. एका तारेपायी! तेव्हापासून स्ट्रिपरशिवाय, म्हणजे कव्हर सोलायच्या पकडीशिवाय, मी वायरीला हात लावत नाही. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, घ्याच.

10 ते 12 मिलिमीटरच सोला, जास्त नाही. सोलल्या सोलल्या बोटानं घट्ट पीळ द्या, एकही तार बाहेर दिसली तर कापून परत सोला, "चालतंय की" म्हणू नका. टोकाला सोल्डर लावायला बरेच वायरमन सांगतात, स्क्रूच्या टर्मिनलला ते अजिबात लावू नका, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि कालांतरानं जोड सैल. त्यापेक्षा स्क्रूचे बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसणारी, टर्मिनलमधे खुपसायची पिन) बसवा, नाहीतर नुसता पीळ बरा. आणि प्लगबाहेर तांबं उघडं ठेवू नका. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरात पावसाळाभर भिंतीला ओल असते, उघडं तांबं काळं-हिरवं पडतंच, म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत मी टोकं तपासतो आणि रंग बदलला असेल तर बोटभर कापून नवीन सोलतो.

लाल लालला, काळी काळ्याला. वायर एकाच रंगाची असेल तर एका बाजूला रेघ किंवा उंचवटा असतो, ती बाजू दोन्ही टोकांना लालला धरा. घोटाळा वाटला तर अॅम्पकडचं टोक मोकळं ठेवून त्याला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस ज्या तारेला लावल्यावर वूफरचा (स्पीकरमधल्या मोठ्या गोलाचा) पडदा बाहेर येतो ती लालची तार.

जोडून झालं की प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा, आवाज अगदी कमी ठेवून चालू करा आणि एखादं जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधनं एकच आवाज येणारं) गाणं लावा. गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधे ऐकू आला पाहिजे. बास गायब आणि आवाज कुठनं येतोय तेच कळेना, तर एका बाजूची लाल-काळी उलटी लागलीय, अॅम्प बंद करून त्याच स्पीकरच्या एका टोकाला अदलाबदल करा, दोन्ही टोकांना नाही.