हजेरीला वाचायचं एक पान

पालिकेत बातमी टेबलापर्यंत येते आणि तिथेच थांबते. शासन निर्णय आला की आवकला नोंद होते, आस्थापनेत फाईलला लागतो, लेखा विभागाला प्रत जाते, आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. ज्याच्या रजेबद्दल किंवा बुटांबद्दल तो निर्णय असतो तो माणूस त्या वेळी वॉर्डात झाडू मारत असतो, नाहीतर टाकीवर व्हॉल्व्ह फिरवत असतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत आस्थापना विभाग, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा आणि सेवापुस्तकांचं काम, सांभाळते. आम्ही दर महिन्याला कर्मचाऱ्यांसाठी एक पान काढतो आणि ते हजेरीच्या वेळी वाचून दाखवतो. हे पान कसं काढायचं ते इतर पालिकांतल्या, जिल्हा परिषदेतल्या आणि ग्रामपंचायतीतल्या माझ्यासारख्यांसाठी इथे लिहिते.

आधी वाचणारा ठरवा

पान काढताना डोळ्यांसमोर कार्यालयातली माणसं ठेवू नका. त्यांना कळतंच. सफाई कामगार, घंटागाडीचे ड्रायव्हर, व्हॉल्व्हमन, अग्निशमनचे जवान, बागेतले माळी, स्मशानभूमीतला कर्मचारी, वसुलीला फिरणारी मुलं आणि ठेकेदाराची सगळी माणसं डोळ्यांसमोर आणा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा कार्यालयांत आनंद होता. सफाई, पाणी, अग्निशमन या अत्यावश्यक सेवांना तो लागू नव्हता, पण तसं त्यांना समोर उभं राहून सांगितलं किती ठिकाणी? त्यांच्यासाठी खरी बातमी साप्ताहिक सुट्टीच्या पाळ्यांची होती. ती पानावर सगळ्यात वर हवी.

बातमी कुठून घ्यायची आणि कशी पारखायची

व्हॉट्सॲपवर फिरणारं कात्रण कधीही पानावर घेऊ नका. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो आणि त्याच्या शेवटी संगणक सांकेतांक छापलेला असतो. तो टाकून मूळ निर्णय उघडा आणि मगच पेन उचला. उघडल्यावर दोन गोष्टी बघा. निर्णय कोणत्या विभागाचा आहे, आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे का. वित्त विभागाने मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेला आदेश आपल्या माळ्याला त्याच दिवशी लागू होत नाही. महागाई भत्त्याचंही तेच. आधी केंद्राचा आदेश येतो, मग राज्याचा, त्यानंतर आपला. या तिन्हींत कधी कधी बरेच महिने जातात.

सध्या सगळ्यात जास्त विचारलं जातं ते आठव्या वेतन आयोगाबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आयोगाला मंजुरी दिली आणि आपल्याकडे लगेच कोणाचा पगार किती होणार याचे तक्ते फिरायला लागले. अशा वेळी गप्प बसू नका. पानावर सरळ लिहा: हा आयोग केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, राज्य आपला निर्णय वेगळा घेतं. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून धरला गेला, तरी राज्यात प्रत्यक्ष पगार २०१९ मध्ये वाढला. एवढं ऐकलं की त्या तक्त्यांच्या भरवशावर कर्ज काढायला निघालेला माणूस थांबतो, आणि हे मी घडताना पाहिलं आहे.

पगार लांबला असेल तर तीही बातमीच आहे आणि ती दडवू नये. 'पगारासाठी राज्याकडून येणारं सहायक अनुदान अजून जमा झालेलं नाही, जमा झालं की दोन दिवसांत पगार खात्यावर पडेल' एवढं वाक्य लेखापालांशी बोलून लिहा. तारीख पक्की नसेल तर तारीख लिहू नका. कारण कळलं की माणूस पतसंस्थेचा हप्ता आणि किराणावाल्याची उधारी यांची काहीतरी सोय लावतो. काहीच कळलं नाही तर तो सावकाराकडे जातो.

लिहायचं कसं

प्रत्येक बातमीत चार गोष्टी आल्या पाहिजेत: कोणाला, काय, कधीपर्यंत, कोणाकडे. आमच्या एका पानावरची बातमी जशीच्या तशी देते:

'कायम कर्मचाऱ्यांसाठी. आपलं सेवापुस्तक बघायला या. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, वेतनवाढ, रजा आणि वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघून सही करा. वाचता येत नसेल तर घरचं माणूस सोबत आणा. दुपारी दोन ते पाच, आस्थापना विभाग. महिनाअखेरपर्यंत.'

सेवापुस्तक कर्मचाऱ्याला दरवर्षी दाखवून त्याची सही घ्यायची, हा नियम जुना आहे. नीट पाळला तर निवृत्तीच्या वेळचे निम्मे हेलपाटे वाचतात. वारसाचं नाव तर फारच महत्त्वाचं. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं, तसंच राहून जातं, आणि पुढे अघटित झालं की बायको दाखल्यांसाठी दारोदार फिरते.

रजेचा हिशोब वर्षातून दोनदा पानावर द्या, जानेवारीत आणि जुलैत, कारण अर्जित रजा, म्हणजे कमावलेली भरपगारी रजा, १ जानेवारी आणि १ जुलै अशी पंधरा-पंधरा दिवस खात्यावर पडते. ती ३०० दिवसांपर्यंत साठते हेही लिहा. बऱ्याच सफाई कामगार भगिनी रजा शिल्लक असताना बिनपगारी रजा घेतात, कारण आपल्या खात्यावर रजा आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

'उपरोक्त विषयान्वये', 'यथोचित कार्यवाही' हे शब्द फाईलसाठी ठेवा. पान लिहून झालं की एखाद्या मुकादमाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य बदला.

वाचायचं कुठे, कोणी, केव्हा

हजेरी शेडमध्ये, हजेरी झाल्यावर, झाडू आणि ढकलगाड्या वाटायच्या आधी. चहा निवायच्या आत वाचून संपेल एवढंच लिहा. वाचणारा खणखणीत आवाजाचा आणि लोकांच्या विश्वासातला असावा. आमच्याकडे स्वच्छता निरीक्षक वाचत नाहीत, एक ज्येष्ठ मुकादम वाचतात. साहेब वाचायला लागले की लोकांना ती ताकीद वाटते आणि कोणी प्रश्न विचारत नाही. पगाराच्या दिवशी वाचू नका, कोणाचं लक्ष नसतं.

हेच पान मुकादमाच्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. कागदाचा फोटो बारीक अक्षरामुळे वाचला जात नाही, आवाज मात्र घरी बायका-मुलंही ऐकतात. कागदी प्रत हजेरी शेड, पाण्याची टाकी, फायर स्टेशन आणि गाड्यांच्या डेपोत लावा. एक प्रत महिलांच्या खोलीत किंवा स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावा. तिथल्या प्रतीवर अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन असलेच पाहिजेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ही समिती बंधनकारक आहे, अध्यक्ष स्त्री असते, आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. साहेबांच्या केबिनबाहेरच्या फलकावर ही माहिती लावून उपयोग नाही. तिथे उभं राहून ती वाचण्याची हिंमत कोणत्या बाईला होईल?

तब्येतीची बातमी ऋतूप्रमाणे

'आरोग्याची काळजी घ्या' असं लिहिलेलं पान कोणी ऐकत नाही. त्या महिन्यात काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं तेवढंच लिहा.

मार्च ते मेमध्ये उन्हाचं लिहा: झाडलोट किती वाजता उरकायची, पाणी कुठे ठेवलं आहे, चक्कर आली आणि घाम यायचा थांबला तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारायचं आणि १०८ ला फोन लावायचा. मेच्या पानात रेनकोट आणि गमबूट कधी वाटणार ते आलंच पाहिजे, आणि बुटांचे नंबर त्याआधी घेतलेले हवेत. बायकांना पुरुषांच्या मापाचे बूट दिले तर त्या ते घालत नाहीत, आणि मग 'साधनं देऊनही वापरत नाहीत' असा शेरा त्यांच्यावर येतो. पावसाळ्यात लेप्टोचं, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं, सांगा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, ताप आला तर 'मी गटाराच्या पाण्यात काम करतो' हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. डॉक्टरांना कामाचं स्वरूप कळलं की निदान लवकर होतं.

दोन गोष्टी बाराही महिने लागतात, म्हणून पानाच्या तळाशी त्यांची चौकट कायम ठेवा. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची; हळद-चुना लावायचा नाही. कचऱ्यातली सुई टोचली तर शिफ्ट संपायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसची असते, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. त्यामुळे तिसऱ्या डोसची आठवण पानावर नावानिशी नको, पण वॉर्डनिहाय द्या.

आणि ड्रेनेज. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई सांगितली आहे. हे दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा वाचून दाखवा, आणि त्याखाली स्पष्ट लिहा: कोणीही सांगितलं, नगरसेवकाने सांगितलं तरी, उतरायचं नाही, स्वच्छता निरीक्षकाला फोन करायचा. नकार देण्यासाठी कामगाराला हातात कागद लागतो. तो कागद आपण दिला पाहिजे.

मनाच्या त्रासाबद्दल लिहिताना उपदेश टाळा. दारूवर भाषण तर नकोच, सकाळी सहाला तिथे उभ्या असलेल्या माणसाची मान सगळ्यांसमोर खाली जाते. 'झोप लागत नाही, घरी भांडणं होतात, जगणं नकोसं वाटतं, तर १४४१६ वर फोन करा. हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं' एवढं पुरे. तपासणी शिबिर असेल तर ते हजेरी शेडजवळच, काम सुटल्यावर ठेवा. दुपारी टाऊन हॉलमध्ये ठेवलं तर घरी जाऊन स्वयंपाक करून बाई परत येणार नाही.

ठेक्यावरची माणसं

ही माणसं आपल्या आस्थापनेवर नाहीत म्हणून पानावरून वगळायची, हे मला मुळीच पटत नाही. शहर तीच झाडतात. त्यांच्यासाठी दर पानावर एक कोपरा ठेवा. पीएफला पगाराच्या १२ टक्के कपात होते आणि तेवढंच मालकाने घालायचं असतं. यूएएनला, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकाला, जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल दिला की किती जमा झालंय त्याचा मेसेज येतो. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के कापले जातात, ठेकेदार ३.२५ टक्के भरतो, आणि त्यावर घरच्यांचाही उपचार होतो. कपात दिसते पण जमा दिसत नाही, असं असेल तर कोणाकडे यायचं त्याचं नाव लिहा. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालक म्हणून जबाबदारी पालिकेवर येते, त्यामुळे ही तक्रार लवकर कळणं आपल्याही फायद्याचं आहे. मुख्याधिकाऱ्यांना हे पटवताना मी हाच मुद्दा मांडला.

काय छापायचं नाही

आजारी माणसाचं नाव, कोणाची चौकशी, कोणाची कपात. अंतर्गत समितीकडे आलेल्या तक्रारीचा तर उल्लेखही नको, कायदाच ती गुप्त ठेवायला सांगतो. पदाधिकाऱ्यांचे फोटोही नकोत. फोटो नसले की आचारसंहितेतही पान बंद पडत नाही. निवृत्त होणाऱ्यांची नावं मात्र आवर्जून द्या, त्यांनी किती वर्षं कोणता वॉर्ड सांभाळला ते लिहा.

मसुद्यावर मुख्याधिकाऱ्यांची मान्यता फाईलवर घ्या आणि छापण्याआधी एक प्रत कामगार संघटनेला दाखवा. हजेरीला जे प्रश्न येतील ते मुकादमाने वहीत टिपायचे, पुढच्या पानाची सुरुवात त्यांच्या उत्तरांनी करायची. उत्तर मिळालं नसेल तर प्रश्न तसाच छापा आणि तो कोणाच्या टेबलावर आहे ते लिहा. सगळी जुनी पानं आणि प्रश्नांच्या वह्या एका फाईलमध्ये ठेवा, आणि बदली झाली की चार्ज देताना ती फाईल यादीत नोंदवून पुढच्याच्या हातात द्या.