हॉलची फरशी उठली तेव्हा

मे महिन्यातल्या एका दुपारी हॉलमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. बघतो तर सोफ्यापुढच्या दोन टाइल एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या! आई म्हणाली, "भूकंप झाला की काय रे?"

मिस्त्रीने रुपयाच्या नाण्याने ठोकत ठोकत सगळा हॉल तपासला. घट्ट बसलेली टाइल टक्क वाजते, पोकळ असलेली मडक्यासारखी. आमच्याकडे ११ मडकी निघाली. उठलेल्या टाइलची पाठ कोरी करकरीत, सिमेंटचा कणही नाही. आमची टाइल व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली. ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. त्यात टाइल एकमेकींना खेटून, पार भिंतीपर्यंत ठासलेल्या. उन्हाने फुगल्या की जाणार कुठे? (सांध्यात रेघ दिसायला नको, हा हट्ट माझाच होता.)

या वेळी जुना सिमेंटचा माल छिनीने काढला, धूळ पुसली आणि दातेरी थापीने टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह पूर्ण तळभर पसरवलं. नुसते चार कोपऱ्यांत गोळे ठेवू दिले नाहीत. मध्ये फट राखायला २ मिमीचे स्पेसर, भिंतीलगत स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली जाईल एवढी फट. २४ तास कुणाला पाय ठेवू दिला नाही, मग सांध्यांत ग्राउट भरलं.

६ टाइल अख्ख्या निघाल्या होत्या, ३ माळ्यावर शिल्लक होत्या. उरलेल्या दोन त्या रंगछटेत कुठेच मिळाल्या नाहीत. जवळपासच्या रंगाच्या आणल्या आणि सोफा दीड फूट पुढे सरकवला.